रोज दोन-दोन पफ घेणारी मुलं

दम्याच्या किशोरवयीन मुलांबद्दल जे छापून येतं, ते बहुतेक वेळा औषध टाळणाऱ्या मुलांबद्दल असतं. ती विसरतात, कंटाळतात, मित्रांसमोर पंप, म्हणजे इन्हेलर, काढायला लाजतात, जरा बरं वाटलं की आपल्या मनानं बंद करून टाकतात. हे खरंच आहे, आणि त्यावर लिहायलाही हवं. पण जी मुलं सांगितल्याप्रमाणे औषध घेतात त्यांचं पुढे काय होतं, हे फारसं कुणी सांगत नाही.

माझी लेक त्यातली एक. पंधरा वर्षांची, चेंबूरला वाढलेली, यंदा दहावीत गेलेली, खो-खो खेळणारी. सकाळी दोन पफ, रात्री दोन पफ, हा तिचा नेम कितीतरी वर्षांचा आहे. तिच्यासारख्या मुलांच्या वाट्याला एक अन्याय येतो आणि तो माझ्या मनातून जात नाही. त्यांनी सगळं नीट केलं तरी लोक त्यांच्याकडे आजारी मूल म्हणूनच बघतात. आणि एखाद्या रात्री खोकल्याची उबळ आलीच, तर पहिला प्रश्न त्यांनाच विचारला जातो: "पंप घेतला होतास ना?"

बरं नसताना औषध घ्यायला कुणाला सांगावं लागत नाही. कसोटी लागते ती बरं असताना. दम्यात श्वासनळ्यांच्या आतल्या अस्तराला सूज असते, आणि धाप लागत नसते तेव्हाही ती असतेच. भिंतीतली ओल पोपडे निघण्याच्या कितीतरी आधी आत मुरलेली असते, तसं. मग धूर, धूळ, सर्दी, थंड हवा असं काही निमित्त झालं की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो, आणि श्वास सोडताना छातीतून शिट्टी वाजायला लागते. इन्हेलरमधलं स्टिरॉइड ती सूज उतरवतं. पण ते सावकाश काम करतं, आणि थांबवलं की सूज पुन्हा चढते. म्हणजे वर्गात बाकीच्या पोरांसारखीच ठणठणीत दिसणारी मुलगी घरी येऊन रोज औषध घेते, कारण ठणठणीत राहायचं असतं. एवढं शहाणपण त्या वयात अंगी असणं मला फार मोठं वाटतं.

तिचं औषध घेणं मी कधीतरी बाथरूमच्या दारात उभी राहून बघते. दात घासायच्या आधी पंप, हा तिचा क्रम. टोपण काढून आत काही अडकलं नाही ना ते बघते, डबी चार-पाच वेळा हलवते, स्पेसरला, म्हणजे पंपाच्या तोंडाला लावायच्या प्लॅस्टिकच्या पोकळ नळीला, जोडते. आधी छातीतला श्वास पूर्ण सोडून देते. मग स्पेसर ओठात घट्ट धरून एकदा दाबते आणि सावकाश, अगदी सावकाश आत ओढते. श्वास रोखून डोळे मिटून मनात दहापर्यंत मोजते. थोडं थांबून पुन्हा सगळं तसंच. दोन्ही पफ एकदम दाबून एका दमात ओढले तर औषध स्पेसरच्या भिंतीला लागून बरंचसं वाया जातं, म्हणून घाई नाही. शेवटी घशापर्यंत खळखळून गुळण्या करते आणि पाणी थुंकून टाकते. ते केलं नाही तर तोंडात पांढरी बुरशी येते, आवाज बसतो. डबीच्या पाठीवर उरलेल्या मात्रांचा आकडा दिसतो. तो कमी व्हायला लागला की ती आठवडाभर आधी मला सांगते.

रविवारी स्पेसर धुणं हेही तिचंच काम. साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा आणि तसाच निथळत ठेवायचा. फडक्यानं पुसायचा नाही, कारण पुसला की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषधाचे कण आतच चिकटून राहतात. हे तिनं मला शिकवलं. स्पेसर येण्याआधी तिच्याकडे कॅप्सूल टाकून ओढायचं यंत्र होतं, त्याची पद्धत नेमकी उलटी. त्यात भुकटी असते, त्यामुळे श्वास जोरात आणि झटकन ओढावा लागतो. पावसाळ्यात आमच्या घरातल्या दमट हवेत त्या भुकटीची काळजी घ्यावी लागायची. डॉक्टरांनी यंत्र बदललं तेव्हा जुनी सवय मोडून नवी लावून घ्यायला तिला दवाखान्यात पुनःपुन्हा करून दाखवावं लागलं. "इन्हेलर चालू आहे" असं लोक सहज म्हणतात, पण चालू असणं आणि औषध फुप्फुसात पोचणं यांत मोठं अंतर असतं. ते अंतर मुलं रोज आपल्या हातांनी भरून काढतात.

गेल्या पावसाळ्यात तपासणीला गेलो तेव्हाची गोष्ट. डॉक्टरांनी विचारलं, "काय म्हणतोय दमा?" मी तोंड उघडणार तोच त्यांनी हातानं थांबवलं. "आई, तुम्ही नंतर. आधी तिला बोलू दे." मग त्यांनी तिला नेहमीचे चार प्रश्न विचारले. गेल्या चार आठवड्यांत दिवसा आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त त्रास झाला का? रात्री दम लागून किंवा खोकून जाग आली का? आराम पडायला जादा पफ आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागले का? दम्यामुळे खेळणं किंवा काही करणं सोडावं लागलं का? रात्रीच्या प्रश्नाला ती म्हणाली, "हो, रात्री एकदोनदा उठले होते. पाणी पिऊन, एक पफ घेऊन झोपले परत."

आता इथे कुणी दुसरा डॉक्टर असता तर लगेच "औषध बुडवलंस का?" असं म्हणाला असता. यांनी तिला समोर पंप घेऊन दाखवायला सांगितलं. पद्धत बघितली, डबीवरचा आकडा बघितला, पीक फ्लोची, म्हणजे ती किती जोरात श्वास सोडू शकते त्या आकड्यांची, वही चाळली. सगळं जिथल्या तिथे होतं. मग त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि मला विचारलं, "हिच्या झोपायच्या खोलीत अलीकडे काय बदललंय?"

तो प्रश्न मला अजून आठवतो, कारण त्या एका प्रश्नानं जबाबदारी पोरीच्या खांद्यावरून उतरून आमच्याकडे आली. तिनं तिचं काम केलं होतं. आता बघायचं होतं घराकडे.

घरी येऊन आम्ही तिचं कपाट भिंतीपासून ओढून काढलं. मागे, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत, काळपट हिरव्या ठिपक्यांची नक्षी पसरली होती. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून पाणी झिरपत होतं. रंग फुगून आला होता, हात लावला तर पापुद्रा निघून बोटांना गार ओल लागली. कपाटाच्या पाठीच्या प्लायवूडलाही तसेच ठिपके. तिचं उशीचं टोक त्या भिंतीपासून हातभर अंतरावर. त्या रात्रीपासून तिची गादी आमच्या खोलीत आली. पुढचे काही आठवडे सोसायटी, वरचे शेजारी आणि प्लंबर यांच्यात गेले. पाइप बदलला, भिंत खरवडली, सुकू दिली, मग रंगवली. बुरशी साफ करताना तिला घरात थांबू दिलं नाही. त्यानंतर रात्रीची जाग थांबली. त्याआधी औषधाची मात्रा वाढवली असती तर कदाचित तेव्हाही थांबली असती, पण भिंत तशीच राहिली असती.

हे सगळं चालू असताना मी दम्यावर बरंच वाचत होते. त्यात २००८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अमेरिकेतला एक अभ्यास सापडला. मोठ्या शहरांच्या मधल्या, जुन्या, गरीब वस्त्यांतल्या १२ ते २० वर्षांच्या मुलांवर तो केला होता. त्या मुलांत दम्याचं प्रमाण आणि त्यापायी इस्पितळात जाण्याचं प्रमाण फार मोठं. संशोधकांना बघायचं होतं एक नवं यंत्र. १९९१ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांना माणसाच्या उच्छ्वासात नायट्रिक ऑक्साइड हा वायू सापडला, आणि दोनेक वर्षांत कळलं की दमेकऱ्यांच्या उच्छ्वासात तो जास्त असतो. श्वासनळ्यांना सूज असली की त्याचं प्रमाण वाढतं. मग कल्पना अशी निघाली की मुलानं यंत्रात फुंकायचं, आकडा बघायचा आणि त्यावरून स्टिरॉइडची मात्रा ठरवायची. लक्षणं विचारत बसण्यापेक्षा सूजच मोजलेली काय वाईट?

त्यांनी ७८० मुलं तपासली. सगळ्यांना आधी तीन आठवडे नेहमीचे, पुस्तकातले उपचार दिले. ज्यांनी त्या तीन आठवड्यांत औषध नेमानं घेतलं अशी ५४६ मुलं पुढे अभ्यासात आली. म्हणजे हा अभ्यास मुळातच माझ्या लेकीसारख्या मुलांचा होता. निम्म्यांना नुसते नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच उपचारांत श्वासाच्या यंत्राची भर, असे ४६ आठवडे गेले. शेवटी काय निघालं? दम्याचा त्रास झालेले दिवस दोन आठवड्यांत सरासरी दोनाच्या आत, आणि तेही दोन्ही गटांत जवळजवळ सारखे. यंत्राच्या गटातल्या मुलांना स्टिरॉइड मात्र जास्त दिलं गेलं, दिवसाला सुमारे ११९ मायक्रोग्रॅमनं जास्त, आणि तरीही त्रासाचे दिवस काही कमी झाले नाहीत.

काहींना हा निष्कर्ष निराशेचा वाटला असेल. मला तो वाचून फार धीर आला. अशा वस्त्यांतली मुलं, ज्यांच्याबद्दल सगळे आधीच हात टेकून बसले होते, ती साधं, जुनं, सगळ्यांना माहीत असलेलं औषध नीट मिळाल्यावर आणि नीट घेतल्यावर बहुतांशी चांगली राहिली. कुणीतरी दर काही आठवड्यांनी त्यांना बोलावत होतं, त्यांचं ऐकून घेत होतं, मात्रा वर-खाली करत होतं. यात चमत्कार कसलाच नाही. पुढे त्या यंत्राचा काही रुग्णांना उपयोग होतो हेही खरं, निदानाच्या वेळी डॉक्टर ते वापरतात. पण ओळखीच्या घरांमध्ये कुणी तपासणीमागून तपासणी, डॉक्टरमागून डॉक्टर करत फिरताना दिसलं की मला हा अभ्यास आठवतो. मूल रोजचं औषध घेतंय का, आणि घेत असेल तर त्याला श्रेय मिळतंय का, एवढं आधी बघावं.

आपल्याकडची अवस्था बघितली की हे श्रेय किती मोठं आहे ते कळतं. पुण्यासह देशातल्या नऊ शहरांत झालेल्या मोठ्या पाहणीत असं दिसलं की डॉक्टरांनी दमा असल्याचं सांगितलेल्या लोकांतसुद्धा रोज स्टिरॉइडचा इन्हेलर घेणारे दहा टक्क्यांहून कमी होते. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात, पण दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात. या दोन आकड्यांच्या मधली जी दरी आहे, तिचा मोठा भाग औषध न मिळण्याचा आणि न घेण्याचा आहे. त्यामुळे एखादी पंधरा वर्षांची मुलगी रोज रात्री झोपायच्या आधी आपला स्पेसर उचलते, तेव्हा ती देशातल्या फार थोड्या लोकांनी साधलेली गोष्ट करत असते.

अमेरिकेतल्या तशाच वस्त्यांमधला आणखी एक अभ्यास आहे, १९९७ सालचा, लहान मुलांचा. त्यात झुरळं मुख्य होती. ज्या मुलांना झुरळांची अ‍ॅलर्जी होती आणि ज्यांच्या झोपायच्या खोलीतल्या धुळीत झुरळांचे अंशही खूप होते, त्यांना दम्यासाठी इस्पितळात भरती करायची वेळ इतरांच्या तिपटीहून जास्त वेळा आली. झुरळाची विष्ठा, लाळ, मेलेल्या झुरळाचा भुगा हे सगळं धुळीत मिसळून श्वासात जातं. मुंबईतल्या कुठल्याही स्वयंपाकघराच्या ओट्याखाली रात्री दिवा लावून बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आमच्याकडे तेव्हापासून फवारणी बंद आणि कपाटांच्या कोपऱ्यांत जेलचे ठिपके सुरू झाले, कारण फवाऱ्याचा वासही तिला सोसत नाही. ओला कचरा रात्री घरात ठेवायचा नाही, सिंकखालचं गळणं लगेच दुरुस्त करायचं, हे नियम सगळ्यांना लागू झाले.

डासांची कॉइल मात्र सोपी गेली नाही. सासूबाईंना कॉइलशिवाय झोप येत नसे, आणि खिडक्या बंद करून ती लावायची त्यांची पद्धत. एका कॉइलमधून निघणारे बारीक धूलिकण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराएवढे भरतात, असं मोजून दाखवलेलं आहे. हा आकडा मी नाही, नातीनंच आजीला सांगितला. त्या गप्प बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "मच्छरदाणी आण गं एक, डबलबेडची." उदबत्ती त्यांनी अजून सोडलेली नाही. देवापाशी एकच लावतात, नात शाळेत गेल्यावर, खिडकी उघडून. यावर मी काही बोलत नाही. आपल्या घरासाठी त्यांनी एवढं बदललं, हे पुष्कळ आहे.

दिवाळीत प्रश्न घराबाहेर जातो. मुलांच्या हातात निरुपद्रवी म्हणून दिली जाणारी सापाची गोळी सगळ्यात जास्त बारीक कण हवेत सोडते, असं पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं मोजून सांगितलं आहे. आवाज नाही म्हणून ती चालते असं आपण धरून चालतो. आमच्या इमारतीत ती आता कुणी लावत नाही, शेजारच्या इमारतीत लावतात. त्या दिवसांत लेक दारं लावून बसते आणि डॉक्टरांनी आधीच लिहून दिल्याप्रमाणे वागते. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला तो कागद आहे: हिरवा, पिवळा, लाल. पीक फ्लो तिच्या नेहमीच्या चांगल्या आकड्याच्या ८० टक्क्यांच्या वर असेल तर हिरवा, रोजचंच चालू. खाली गेला तर पिवळा, काय वाढवायचं ते समोर लिहिलेलं. ५० टक्क्यांच्या खाली लाल, पफ घ्यायचे आणि कुणाची वाट न बघता इस्पितळ गाठायचं.

चेंबूरच्या हवेबद्दल मी वेगळं काय सांगू. एका बाजूला माहुलचा रिफायनऱ्यांचा पट्टा, दुसऱ्या बाजूला देवनारचं डंपिंग ग्राउंड. २०१६ च्या जानेवारीत देवनारला जी आग लागली तिचा धूर दिवसेंदिवस आमच्या खिडक्यांवर होता, पालिकेच्या शाळासुद्धा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. लेक तेव्हा पहिलीच्या वयाची. छातीतली घरघर तिला आधीही व्हायची, पण दमा आहे हे त्याच वर्षी नक्की झालं. आता गल्लीगल्लीत पुनर्विकास सुरू आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पालिकेनं बांधकामांच्या धुळीसाठी नियम काढले, २५ नि ३५ फूट उंच पत्रे, पाण्याचे फवारे, झाकून नेलेला राडारोडा. आमच्या शेजारच्या बांधकामावर पत्रे आले, पाणी मारणं मात्र आलं नाही. लेकीनं फोटो काढले, मी अर्ज लिहिला, सोसायटीच्या चिटणिसांनी सही केली. आता रोज सकाळी पाइप घेऊन एक माणूस उभा असतो. संध्याकाळी नसतो, म्हणून पुन्हा अर्ज केला आहे. सकाळ-संध्याकाळ औषध घेणाऱ्या मुलीसाठी सकाळ-संध्याकाळ धूळ दाबा, ही मागणी मला अवाजवी वाटत नाही.

नातेवाइकांचं वेगळंच असतं. "पंपाची सवय लागते", "पंप म्हणजे शेवटचा उपाय", "गोळीवर भागत असेल तर पंप कशाला". यांतल्या गोळीच्या मुद्द्यावर मी नेहमी हिशोब सांगते. सालब्युटामॉल, म्हणजे धाप लागल्यावर नळ्या मोकळ्या करणारं औषध, त्याच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम औषध असतं, आणि तीच गोळी चार मिलिग्रॅमची असते. म्हणजे चाळीस पट. पफमधलं थेट छातीत जातं, गोळीतलं आधी पोटात, मग रक्तात, मग सगळ्या अंगभर. हात थरथरतात, छाती धडधडते. हे ऐकून आमच्या एका मावसदिरांनी त्यांच्या मुलाची गोळी बंद करून छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतली. उंचीची भीतीही विचारतात लोक, आणि तिचं उत्तर लपवायचं कारण नाही. लहानपणी वर्षानुवर्षं स्टिरॉइडचा इन्हेलर घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची सरासरी सव्वा सेंटीमीटरच्या आसपास कमी भरली, असं अमेरिकेतल्या दीर्घ पाठपुराव्यात दिसलं. एवढंच. ताब्यात न राहिलेला दमाही मुलांची वाढ खुंटवतो, आणि त्याहून पुष्कळ काही करतो.

मृग लागला की कुणीतरी हैदराबादच्या माशाच्या औषधाचा विषय काढतं, जिवंत मासा तोंडात सोडतात ते. कोजागिरीला कुणी खिरीतल्या औषधासाठी जातं. जाणाऱ्यांवर मी रागावत नाही. गुदमरणारं मूल कडेवर घेऊन माणूस कुठेही जाईल. पण तिथून आल्यावर रोजचा इन्हेलर बंद करतात, ते मात्र मला सहन होत नाही, आणि ते मी तोंडावर सांगते.

आणि मुलीची जात म्हणून जे कुजबुजत सांगितलं जातं, ते तर मी ऐकूनच घेत नाही. "चारचौघांत पंप काढायला लावू नकोस, उद्या लग्न ठरवताना नडेल." पंधरा वर्षांच्या मुलीनं श्वास घ्यायची गोष्ट लपवावी, का, तर दहा वर्षांनी येणाऱ्या स्थळासाठी. तिच्या वयाच्या किती मुली घरच्यांच्या अशा बोलण्यामुळे पंप दप्तराच्या तळाशी कपड्यांत गुंडाळून ठेवत असतील. माझी लेक धाप लागल्यावर घ्यायचा पंप कंपासपेटीशेजारी ठेवते.

त्यासाठीसुद्धा भांडावं लागलं. तिच्या आधीच्या शाळेत नियम होता की मुलांची औषधं ऑफिसातल्या कपाटात कुलूपबंद राहतील. मैदान एका टोकाला, ऑफिस दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर. शिपाईकाका जेवायला गेले तर किल्ली त्यांच्यासोबत. डॉक्टरांचं पत्र, आमचं हमीपत्र, सगळं दिल्यावर पंप तिच्या दप्तरात राहिला. खरं तर अटॅक आलेल्या मुलाजवळ पंप असायलाच हवा, हे पत्राशिवाय कळायला हवं. आता तिच्या खो-खोच्या सगळ्या मुलींना माहीत आहे की हिचा पंप कुठल्या कप्प्यात आहे आणि तो हिला कसा द्यायचा. सर सामन्याआधी स्वतः आठवण करतात. पाटीवर बसताना, खो मिळताच सूर मारताना तिला बघून कुणाला सांगितलं की हिला दमा आहे, तर खरं वाटत नाही. पी.टी.तून सूट मिळवून देऊ का, असं एकदा वर्गशिक्षिकेनं प्रेमानं विचारलं होतं. ती रडवेली होऊन घरी आली. सूट तिला नकोच होती. खेळता यावं म्हणून तर ती रोज औषध घेते. पॉला रॅडक्लिफला किशोरवयापासून दमा होता आणि ती मॅरेथॉनची विश्वविक्रमवीर झाली, हे तिला तोंडपाठ आहे.

तिला आवडणारी आणखी एक गोष्ट आहे. १९५५ साली अमेरिकेत रायकर लॅबोरेटरीज या औषध कंपनीचे अध्यक्ष जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. तेव्हा औषध काचेच्या नेब्युलायझरमध्ये घालून रबराचा फुगा हातानं दाबत घ्यावं लागायचं. ते फुटायचं, सांडायचं, कुठे नेता यायचं नाही. तिनं वडिलांना विचारलं, केसांच्या स्प्रेसारखं हे औषध डबीत भरून का मिळत नाही? पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, मोजकी मात्रा सोडणारा पहिला इन्हेलर बाजारात आला. आज जगभर खिशात असते ती ही डबी. तेरा वर्षांच्या मुलीला काय अडतंय ते तिनं सांगितलं आणि मोठ्यांनी ऐकलं, म्हणून ती झाली. ही हकीकत माझ्या लेकीनंच शाळेच्या प्रकल्पासाठी शोधून काढली होती.

मागच्या महिन्यात पुन्हा तपासणी झाली. या वेळी चारही प्रश्नांना तिचं उत्तर "नाही" होतं. दमा दोन-तीन महिने असा ताब्यात राहिला की मात्रा एक पायरी उतरवून बघतात, ते माहीत असल्यामुळे तिनंच विचारलं, "कमी करायचं का आता?" डॉक्टर म्हणाले, "करता येईल, पण पावसाळा तोंडावर आहे, पाठोपाठ दिवाळी. एकदम त्यानंतर बघू. जानेवारीत?" जानेवारीत पूर्वपरीक्षा, त्यानंतर लगेच बोर्ड. तिनं मनातल्या मनात हिशोब केला आणि म्हणाली, "एप्रिल चालेल? तेव्हा सुट्टी असेल, काही त्रास झाला तर शाळा बुडणार नाही." डॉक्टरांनी फाइलवर एप्रिल लिहिलं आणि तोवर मात्रा आहे तीच ठेवली. मी जवळच बसले होते. मला कुणी काही विचारलं नाही, आणि विचारायची गरजही नव्हती.